अकरा मिनिटांची समज

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "हवालदार, राग लोकांवर काढू नका, वहीत काढा. बीपी खाली येईल." म्हणून ही वही. पतसंस्थेची फुकटात आलेली डायरी बायकोने, पद्माने, कपाटातून काढून दिली. मी म्हटलं, माझा राग वाचणार कोण? तर म्हणाली, "मी तर न्हाय बाई. मी रोज ऐकतेच की."

रागाचं कारण आजच मिळालं. रस्ता सुरक्षा अभियान सुरू झालंय आणि साहेबांनी सकाळच्या हजेरीला फर्मावलं की या खेपेला सायकलवाले धरायचे. वरच्या कुणाच्या तरी गाडीला उलट्या बाजूने आलेला सायकलवाला आडवा गेला म्हणे. रोज वीस नावं यादीत पाहिजेत.

माझा चौक भिगवण रस्त्यावर, एमआयडीसीच्या अलीकडे. चलानचं मशीन काढलं तर ते पहिल्यांदा गाडीचा नंबर मागतं. सायकलला नंबर कुठून आणायचा? माझ्याबरोबरची शिपाई श्रेया काळे पाव तास बटणं दाबत बसली. शेवटी म्हणाली, "दादा, मशीनला सायकल म्हाईतच न्हाय."

मग मला इंदापूरची माझी पहिली नेमणूक आठवली. तिथले जमादार सायकलवाल्याच्या चाकाची हवा सोडायचे आणि हवा भरायच्या तोंडाशी असतो तो पितळी व्हॉल काढून खिशात टाकायचे. माणूस चालत जातो, शिक्षा जागच्या जागी, ना पावती ना कोर्ट. श्रेयाने विचारलं, "हे कुठल्या कलमात बसतं, दादा?" मी म्हटलं, "अनुभवात."

हे उत्तर मला इतकं आवडलं की घरी येऊन पद्मालाही सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

७ जानेवारी, मंगळवार

तेवीस! शर्टाचा खिसा व्हॉलांनी जड झाला.

बहुतेक सगळे एमआयडीसीत कामाला जाणारे. त्यांची खोड अशी. कारखाने रस्त्याच्या उजव्या अंगाला आहेत. मधल्या दुभाजकात पूर्वी फट होती, ती गेल्या महिन्यात बुजवली. आता कायद्याने जायचं तर सरळ दोन किलोमीटर पुढे जाऊन पुढच्या फटीतून वळायचं आणि मागे यायचं. हे लोक काय करतात, तर माझ्या चौकातच पलीकडे जातात आणि चारशे मीटर उलट्या बाजूने सायकल हाणतात. मी काल मोटारसायकलवर कायद्याचा रस्ता मोजला. सहा मिनिटं. सायकलला दहा धरू.

मी नुसती हवा सोडत नाही, समजही देतो. सगळ्यांना एका रांगेत उभं करून. सुरुवात जीव किती मोलाचा इथून, मग इंदापूरला मी पाहिलेला अपघात, मग नियम, शेवटी घरच्यांची आठवण. लोक सारखे घड्याळ बघत होते. वेळेचं भान येणं हाही शिस्तीचाच भाग आहे. श्रेयाही घड्याळ बघत होती, पण तिला चहाची तल्लफ आली असावी.

एक बाई मधेच बोलली. चाळिशीची, काळी लेडीज सायकल, हँडलला डब्याची पिशवी. नाव लिहून घेतलं, म्हाळसा सोपान देवकाते, राहणार भवानीनगर. म्हणजे माझ्याच गावाकडची. रोज एसटीने बारामती स्टँडवर उतरते, ओळखीच्या दुकानात ठेवलेली सायकल घेते आणि कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाते. "मामा," ती म्हणाली, "हवा सोडा, व्हॉल घ्या, पन लवकर सोडा. साडेआठला गेट बंद हुतंय."

आम्हाला सगळे मामाच म्हणतात. एकोणतीस वर्षांत एवढे भाचे झाले, पण एकाने दिवाळीला बोलावलेलं नाही.

मी तिला सांगितलं, मधे बोललीस म्हणून तुझ्यासाठी इंदापूरचा अपघात परत पहिल्यापासून.

९ जानेवारी, गुरुवार

आज कमाल झाली. तीच म्हाळसा. हवा सोडली, व्हॉल काढला, समज दिली. समज संपताच बाईने डब्याच्या पिशवीतून दुसरा व्हॉल काढला, हातपंप काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत हवा भरायला बसली! रांगेतले लोक हसले. मला बीपी कानापर्यंत जाणवला.

मी पंप जप्त केला. शिवाय कायद्याला पळवाट काढणाऱ्यांविषयी चार शब्द जादा बोललो.

ती म्हणाली, "मंगळवारी एका मिनटानं गेट चुकलं, मामा. महिन्यात तीन उशीर झालं की घरी बसवत्यात. पुढल्या महिन्यात मला कायम करनार हायेत."

"मग दहा मिनिटं लवकर निघ," मी म्हटलं.

"एसटीला सांगू का तसं?"

उद्धटपणा. एवढ्यात मागून जोरात गाणी वाजवत माझा चुलतभाऊ गेणू उसाचा ट्रॅक्टर घेऊन गेला. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगाला लोंबतोय, लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. त्याने हात केला, मी हात केला. जाताना त्याने तीन ऊस खाली टाकले. घरी आणले. चांगले गोड निघाले.

पद्मा ऊस खाताना म्हणाली, "तेवढा मोठा ट्रॅक्टर तुमाला दिसत न्हाय आन् सायकल दिसती व्हय?" मी म्हटलं, ट्रॅक्टर या महिन्याच्या मोहिमेत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

म्हाळसा तिसऱ्यांदा.

आज तिने हुज्जत घातली नाही. "मामा, आज सोडा. आज उशीर झाला तर तिसरा हुतोय," एवढंच म्हणाली. माझ्या मनात एक क्षण आलं होतं, सोडावं. पण रांगेत अकरा जण उभे. एकीला सोडलं तर बाकीचे काय म्हणतील? तेव्हा समज दिली, पूर्ण दिली. शेवटचा घरच्यांचा भाग सांगत असताना तिने एकदम सायकलचं हँडल माझ्या हातात दिलं. "ही ठिवा तुमच्यापाशी," म्हणाली आणि पळत सुटली. साडी वर खोचून, पायात साध्या चपला. एक चप्पल निसटली तर तीही हातात घेऊन पळाली.

मी लेडीज सायकल धरून चौकात उभा. रिक्षावाले विचारत होते, "मामा, नवी गाडी का?" दुपारपर्यंत सायकल न्यायला ती येईल असं वाटत होतं. आली नाही. शेवटी सायकल क्वार्टरवर आणून लावली.

जेवण गेलं नाही. ती पळताना डोळ्यांसमोरून हलत नाही. वाईट वाटतंय, लपवण्यात अर्थ नाही. पद्माला सांगितलं तर म्हणाली, "मग करा की कायतरी." करतोच. पोलिसाच्या शब्दाला वजन असतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ खाऊन चांगलं काम केलं. तिच्या कारखान्याला पत्र लिहिलं, उशीर तिच्यामुळे नव्हे, पोलिसांमुळे झाला हे कळावं म्हणून. दोनदा खाडाखोड करून तिसऱ्यांदा असं जमलं :

"विषय : महिला कामगार नामे म्हाळसा सोपान देवकाते हिचेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर महिला ही दि. ७, ९ व १३ रोजी सकाळचे सुमारास मिळून आली असता तिला थांबवून, तिचे कब्जातील साहित्य जप्त करून, कडक समज देऊन सोडून देण्यात आले. सबब तिला कामावर येण्यास विलंब झाला. कायदेशीर मार्गाने अवघी दहा मिनिटे जादा लागत असताना वारंवार सूचना देऊनही तिचेत सुधारणा झालेली नाही. तरी तिचेबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती."

योग्य ती कार्यवाही म्हणजे उशिराची नोंद काढून टाकणे, हे कुणालाही कळेल. खाली सही, गोल शिक्का. असा शिक्का बघून कुणाची हिंमत आहे तिला घरी बसवायची!

१५ जानेवारी, बुधवार

पत्र स्वतः नेऊन दिलं. गेटवरचा वॉचमन म्हस्कू पाकिटावरचा शिक्का आणि म्हाळसाचं नाव बघून ताठ उभा राहिला. "मामा, काय केलं वं तिनं?" मी म्हटलं, "सगळं आत लिहिलंय. साहेबांच्याच हातात दे." येताना ऊर भरून आला होता. रस्त्यात गेणूचा ट्रॅक्टर दिसला, आज मी होऊन हात केला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सोमवारनंतर म्हाळसा चौकात दिसली नाही. याचा अर्थ उघड आहे. ती कायद्याच्या रस्त्याने जायला लागली. श्रेयाला म्हटलं, बघ, एक माणूस सुधारला तरी मोहिमेचं सार्थक झालं. श्रेया म्हणाली, "पन दादा, सायकल तर तुमच्या घरी हाय."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चालत जात असेल.

१८ जानेवारी, शनिवार

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

म्हस्कू ड्यूटी संपवून चौकात आला. म्हणाला, "मामा, तुमच्या पत्रानं बाई गेली." तेरा तारखेला तिला गेटवरूनच परत पाठवलं होतं, बुधवारी या, साहेब ठरवतील म्हणून. बुधवारी ती साहेबांसमोर उभी असताना माझं पत्र आलं. साहेबांनी मोठ्याने वाचलं. मिळून आली, जप्त केलं, सुधारणा नाही. मग तिला विचारलं, "काय चोरलं होतं?" ती सायकल सायकल म्हणत राहिली, पण पत्रात सायकल कुठेच नाही. कायमचं राहिलं बाजूला, आता कामावरच यायचं नाही. आणि तिच्या गल्लीतल्या दोघीजणी तिथेच कामाला आहेत, तेव्हा भवानीनगरात सगळीकडे झालंय की म्हाळसाला पोलिसांनी धरली.

घरी आल्यावर पत्राची प्रत पद्माला वाचून दाखवली. ती आधी हसली. मग "कब्जातील साहित्य" आलं तेव्हा हसायची थांबली.

"अवो, ही चोराची भाषा हाय."

"मला हीच येते," मी म्हटलं. खरंच दुसरी येत नाही. एकोणतीस वर्षं हेच लिहिलं. आमच्या लग्नाची पत्रिका मी लिहिली असती तर पद्माही मिळून आली असती.

१९ जानेवारी, रविवार

दुसरं पत्र केलं. "सदर महिलेविरुद्ध अद्याप कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही." श्रेयाला दाखवलं. तिने कपाळाला हात लावला. "दादा, त्या 'अद्याप'नं बाई जन्मभर घरी बसंल."

फाडलं.

२० जानेवारी, सोमवार

स्वतः जाऊन व्यवस्थापकांना भेटलो. सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे जप्त केलेलं साहित्य ते..."

"हातपंप," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, चोरीचा विषय संपला, पण तीन उशीर तर आहेतच. नियम सगळ्यांना सारखा. कायदेशीर रस्त्याने दहाच मिनिटं जादा लागतात असं मीच लिहून दिलंय. दहा मिनिटं कुणालाही जमतात.

माझंच वाक्य त्यांनी मला समजावून सांगितलं. बाहेर म्हस्कू म्हणाला, "मामा, ती धा मिनटं तुमी सायकलवर मोजली का?"

२१ जानेवारी, मंगळवार

मोजली.

साध्या कपड्यात म्हाळसाची सायकल चौकात आणली. खिशातला तिचाच व्हॉल बसवला, तिच्याच पंपाने हवा भरली. तेवढ्यातच धाप लागली. सायकलवर बसून पंचवीस वर्षं झाली असतील आणि तेव्हा हे पोट नव्हतं. श्रेयाने वेळ लिहिली. सव्वाआठ.

पहिले पाचशे मीटर झोकात गेले. पुढे चढ. तो चढ मोटारसायकलवर कधी दिसलाच नव्हता. मग मागून गाणी ऐकू आली. ट्रॅक्टर शेजारून जायला लागला, पहिली ट्रॉली, मग दुसरी, लोंबणारा ऊस माझ्या खांद्याला घासत गेला. वीतभर अंतर असेल. मी घाबरलो. साध्या शब्दांत लिहितो, मला वाटलं संपलो. मी सायकलसकट कडेच्या चारीत उतरलो आणि गुडघाभर गवतात उभा राहिलो. पुढे गेल्यावर ट्रॅक्टर थांबला. गेणूच होता. "दादा, तुमी? सायकलीवर? समदं बरं हाय न्हवं घरी?"

पुढच्या फटीत वळायला ट्रॉल्यांची रांग लागलेली. कारखान्याच्या गेटवर पोचलो तेव्हा आठ एकोणपन्नास. चौतीस मिनिटं. म्हस्कूने पाणी दिलं.

वेळ लिहून त्याची सही घ्यायची होती, तर कागद चौकात श्रेयाकडेच राहिला. परत चौकात आलो, येताना रस्ता सरळ बाजूचाच, दोन मिनिटं. कागद घेतला. आता पुन्हा गेटवर जायचं. तो चढ पुन्हा नको वाटला. मी दुभाजकाच्या टोकाला वळलो आणि निघालो. उलट्या बाजूने. देवाशपथ, मनात कायदाबियदा काही आला नाही.

शिटी वाजली. श्रेया धावत आली, सायकल थांबवली, काही न बोलता खाली बसली आणि व्हॉल काढला. "दादा, आज एकोणीस झालेत. विसावं नाव तुमचं लिहू का?"

रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, लिही.

"समज पन देऊ? तुमची अकरा मिनिटांची हाय. मी रोज मोजते."

चहाची तल्लफ नव्हती तर. मी मान खाली घालून सायकल हातात धरली आणि कडेकडेने चालत गेटवर गेलो. पाच मिनिटं लागली. म्हस्कूने सही दिली.

२२ जानेवारी, बुधवार

पद्मा म्हणाली, "बोलता तसं ल्हिवा." तसं लिहिलं.

"साहेब, म्हाळसाबाईंनी काही चोरलेलं नाही. त्या सायकलवर उलट्या बाजूने येत होत्या. मी त्यांना तिन्ही दिवस अकरा अकरा मिनिटं भाषण ऐकवलं, म्हणून त्यांना एकेका मिनिटाने उशीर झाला. दहा मिनिटं हा आकडा मी मोटारसायकलवर बसून काढला होता. सायकलला चौतीस लागतात. काल मीही उलट्या बाजूने गेलो आणि पकडला गेलो. यादी सोबत जोडली आहे, माझं नाव विसावं. चूक माझी आहे. मानसिंग."

शिक्का मारला नाही. व्यवस्थापकांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना ओठ चावत होते. म्हणाले, सोमवारपासून पाठवा. कायम करायचं मात्र वरच्यांनी दोन महिने पुढे ढकललंय, ते त्यांच्या हातात नाही.

दोन महिने. ते मी भरून देऊ शकत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सायकल आणि निरोप घेऊन भवानीनगरला गेलो. गेणूची रिकामी ट्रॉली परत निघाली होती, तीत सायकल आणि तिचा पंप टाकला. निघण्याआधी ट्रॉलीला मागे दोन लाल पट्ट्या त्याला लावायला लावल्या. तो कुरकुरला, पण लावल्या.

ड्यूटीवरून थेट गेलो, त्यामुळे वर्दीतच. तिच्या दारात ट्रॉली थांबली, मी उतरलो आणि गल्लीतली दारं एकेक करून उघडली. बायका ओट्यावर आल्या. म्हाळसा बाहेर आली, मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मामा, ड्रेसवर आलात?"

तेव्हा कळलं, मी पुन्हा तेच केलं होतं. पाकिटावर शिक्का मारला तसा आता तिच्या दारावर मारला.

मी घाईघाईने हळू आवाजात सांगायला लागलो, सोमवारपासून काम आहे, साहेबांशी बोललोय, सायकल आणलीय. तिने हात वर केला.

"मला कशाला सांगताय? मला म्हाईत हाय मी काय केलं न्हाय ते. ह्यास्नी सांगा. चौकात एवढं बोलता, हितं बोला की जरा. मोठ्यानं."

शेजारी तिचा नवरा सोपान उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी गल्लीकडे तोंड केलं. चौकात मला कधी शब्द शोधावा लागत नाही. इथे एकेक शोधावा लागला. "म्हाळसाबाईंनी चोरी केल्याली न्हाय," मी म्हटलं. "कायबी केल्यालं न्हाय. मी चुकीचं पत्र ल्हिवलं. चूक माझी हाय." ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "ऐकू न्हाय आलं." मी परत म्हटलं, चौकात ओरडतो तसं. दुसऱ्यांदा म्हणताना डोळ्यांत पाणी आलं, ते का ते मला सांगता येत नाही.

म्हाळसाने सायकल उतरवून घेतली, चाक दाबून बघितलं. "व्हॉल कुठाय?"

तो श्रेयाच्या खिशात राहिला होता.

"ऱ्हाऊ द्या. माझ्यापाशी हायेत," ती म्हणाली आणि आत गेली. चहा विचारला नाही. तिने विचारावा असं मला तरी का वाटलं?

२७ जानेवारी, सोमवार

साहेबांची मोहीम अजून चालू आहे. दुभाजकाची फट उघडावी म्हणून मी अर्ज दिलाय. सरळ भाषेत दिला म्हणून कारकुनाने परत केला, नमुन्यात आणा म्हणाला.

सव्वाआठला म्हाळसा आली. ती उलट्या बाजूने गेली तर काय करायचं हे मी रात्रभर ठरवू शकलो नव्हतो. ती माझ्यासमोर आली आणि सायकलवरून खाली उतरली.

"मामा, सायकल हातात धरून कडंनं चालत गेलं तर त्याला कलम हाय का?"

मी तोंड उघडलं. एकोणतीस वर्षांची सगळी कलमं डोळ्यांसमोरून गेली. चालणाऱ्याला कसलं कलम! मंगळवारी मीच तसा चालत गेलो होतो, पाच मिनिटं लागली असं या वहीत माझ्याच अक्षरात आहे. पहिल्याच दिवशी दोन शब्द सांगायला हवे होते, उतर आणि चाल. त्याऐवजी मी इंदापूरचा अपघात सांगत बसलो.

"न्हाय," मी म्हटलं.

तिने सायकल धरली आणि चालायला लागली. तिच्यामागचे दोघे उतरले, मग सगळेच उतरले. चौदा माणसं सायकली हातात धरून रांगेने माझ्यासमोरून गेली. श्रेया यादीचा कोरा कागद घेऊन उभी होती. आज एकही नाव नाही, साहेबांना काय सांगायचं ते उद्या बघू.

चार पावलं जाऊन म्हाळसा थांबली. "आज समज न्हाय का, मामा?"

मी हाताने पुढे जा अशी खूण केली.

"मग पोचते येळंत," ती म्हणाली.